कपाटाचा खण आधी बाहेर काढा

घरात जुने लाकडी कपाट, मेज किंवा पेटारा असेल आणि ते काढून टाकण्याची चर्चा सुरू झाली असेल, तर निर्णय घेण्याआधी एवढे करा. कपाटाचा एक खण पूर्ण बाहेर ओढा, रिकामा करा, अंगणात उजेडात न्या आणि उलटा करून मांडीवर घ्या. दर्शनी बाजू तूर्त बाजूला ठेवा. तिच्यावर पॉलिशचे थर चढलेले असतात आणि हत्याराच्या खुणा त्याखाली बुजलेल्या असतात. खणाची पाठ, तळ आणि कोपरे मात्र मेस्ताने, म्हणजे सुताराने, शेवटचा रंधा फिरवला तसेच राहिलेले असतात.

मी हे शिकले गोव्यातल्या माशेलच्या आमच्या घरात, सासूबाईंच्या कपाटावर. वर दोन दारे, खाली तीन खण, माथ्यावर कोरीव पट्टी. २०११ च्या मे महिन्यात छपराचे नळे उतरवून वासे बदलायचे होते, म्हणून कपाट दुसऱ्या खोलीत न्यायचे ठरले. ते दारातून जाईना. मी हातोडी आणली आणि माथ्याची पट्टी खालून ठोकू लागले. वाशांच्या कामाला आलेले मेस्त, तेव्हा सत्तरीचे असतील, वरून ओरडले, "राव गो बाय, मारूं नाका!" (थांब गं बाई, मारू नको!) खाली उतरले, पट्टीला दोन्ही हात लावले आणि ती टोपीसारखी उचलून बाजूला ठेवली. ती नुसती बसवलेली होती. मग त्यांनी आतल्या बाजूच्या चार लाकडी पाचरी अंगठ्याने चाचपल्या, एकेक हलवून काढली. पंधरा मिनिटांत कपाटाचे सात भाग अंगणात मांडलेले. संपूर्ण सांगाड्यात एकही खिळा नव्हता. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने मारलेल्या रेघा होत्या: एक रेघ एकीला जुळते, दोन दोनला, तीन तीनला. ज्याने हे केले त्याला ठाऊक होते की कधीतरी कुणीतरी हे उघडणार आहे, आणि जोडताना त्या माणसाने चुकू नये.

त्या घरात लग्न होऊन येऊन मला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. रोज त्या कपाटातून साडी काढत होते.

खण कसा वाचायचा

आधी कोपरा पाहा. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळते तिथे दाते एकमेकांत अडकलेले दिसतील, पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे, टोकाला रुंद आणि मुळाशी अरुंद. याला डोव्हटेल म्हणतात. खण ओढला की सगळा जोर पुढच्या फळीवर येतो. दाते टोकाला रुंद असल्याने ओढून ते सुटत नाहीत, सरस वाळून गेला तरी सुटत नाहीत.

आता पट्टी घ्या आणि दात्यांची रुंदी मोजा. यंत्राने कापलेले दाते बहुधा एका मापाचे आणि सारख्या अंतरावर असतात. आमच्या खणाच्या एका कोपऱ्यात पाच दाते आहेत: २१, १९, २०, १९ आणि २२ मिलिमीटर. म्हणजे मेस्ताने अंदाजाने आखले आणि हातकरवतीने कापले. पण त्या पाचांपैकी एकाही सांध्यात पोस्टकार्डाचा कोपरा शिरत नाही. माप डोळ्याचे असले तरी बसवणी चोख आहे. दात्यांच्या मुळाशी एक बारीक आडवी रेघ ओरखडलेली दिसेल. ती आखणीची रेघ, दाता कुठवर कापायचा याची खूण. ती पुसायचे त्याला कारण नव्हते आणि ती रेघ मला त्या कपाटातल्या सगळ्या नक्षीकामापेक्षा जास्त आवडते. तिथे त्याचा हात थांबलेला दिसतो.

मग खण उलटा करून तळावर टॉर्च आडवा धरा, फळीला जवळजवळ टेकवून. हाताने रंधलेली फळी असेल तर उथळ लहरी दिसतात. त्या डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी बोटांना कळतात. पाठीच्या फळ्यांवर करवतीच्या खुणा राहिलेल्या असतात. त्या सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतील तर फळी माणसांनी ओढलेल्या करवतीतून निघालेली आहे. कमानीसारख्या वाकलेल्या असतील तर गोल पात्याच्या यंत्रातून.

स्क्रू पाहायला विसरू नका. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू जगात १९३० च्या दशकात आला. तसा स्क्रू फक्त बिजागरीवर असेल तर ती नंतरची दुरुस्ती समजा. सांगाड्यातच असेल तर "पोर्तुगीज काळातले, दीडशे वर्षांचे" हे विकणाऱ्याचे बोलणे तिथेच सोडून द्या.

घरात जुने गोल मेज असेल तर त्याचा व्यास दोन दिशांनी मोजा, एकदा रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवा. लाकूड लांबीत जवळपास आटत नाही, रुंदीत आटते. खऱ्या लाकडाचे जुने गोल मेज त्यामुळे किंचित लंबगोल झालेले असते. साखळी गावच्या माझ्या माहेरचे मेज एका बाजूने ९१ सेंटीमीटर भरते आणि दुसऱ्या बाजूने ९० ला थोडे कमी.

लाकूड ओळखताना वजनावर जाऊ नका

"केवढे जड आहे बघा, अस्सल सागवान!" हे वाक्य मी फार ऐकले आहे. सागवान तसे मध्यम वजनाचे लाकूड आहे, घनमीटरला साधारण ६५० किलो. एमडीएफ बोर्ड (लाकडाचे तंतू दाबून केलेला) बहुतेक वेळा त्याहून जड भरतो. शिसव खरोखर जड, ८०० किलोच्या पुढे. म्हणून उचलून पाहण्यापेक्षा फळीची कापलेली कड पाहा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर ते लाकूड आहे. रेषा कडेपाशी तुटून तिथे वेगळीच पट्टी चिकटवलेली दिसली तर वरचा भाग कागद, लॅमिनेट किंवा पातळ पापुद्रा आहे. शिसवात जांभळट काळे पट्टे असतात. फणस ताजा असताना पिवळाधमक असतो आणि वर्षांनुवर्षे उजेड खाऊन तपकिरी होतो, म्हणून त्याचा मूळ रंग पाहायला खणाच्या पोटात शिरावे लागते.

एकाच कपाटात तीन लाकडे सापडली तर फसवणूक झाली असे समजू नका. आमच्या कपाटाची चौकट आणि दारे शिसवाची, पाठ फणसाची, खणांचे तळ आंब्याचे. महाग लाकूड जिथे झीज होते आणि नजर पडते तिथे वापरायचे, स्वस्त लाकूड जिथे नुसता भार पेलायचा आहे तिथे. आंब्याला कीड लवकर लागते हे मेस्ताला माहीत असणार. म्हणून त्याने ते तळ खोबणीत नुसते सरकवून ठेवले, चिकटवले नाहीत. एक तळ किडला तेव्हा आम्ही तो मागून ओढून काढला आणि नवा सरकवला. खणाला धक्का लागला नाही.

शिसवाबद्दल आणखी एक. शिसव ज्या प्रजातीतले, त्या डाल्बर्जिया प्रजातीतल्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार जानेवारी २०१७ पासून साइट्स करारानुसार (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) नियंत्रित आहे. आमच्या दाराची मधली फळी ४४ सेंटीमीटर रुंद आहे आणि ती एकसंध आहे. आज तेवढी रुंद शिसवी फळी मागायला गेलात तर वखारवाला तुमच्याकडे बघतच राहील. भंगारवाल्याला कपाट देताना ही फळी तुम्ही देत असता.

पावसाळ्यात रंधा हातात घेऊ नका

या सगळ्यातली सर्वांत जास्त उपयोगाची गोष्ट हीच. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लाकूड ती दमट हवा पिते आणि रुंदीत फुगते. जुलैत खण अडकतो, दार चौकटीला घासते. घरातला कोणीतरी वैतागून सुताराला बोलावतो, तो कड रंधून देतो, दार छान बसते. मग मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून बोट जाते. रंधून काढलेले लाकूड परत येत नाही.

खण अडकत असेल तर तो ओढून काढा (जमले तर दोन्ही कड्या सारख्या जोराने ओढून, एकच ओढली की तो तिरका होऊन अधिक आवळतो), घासणाऱ्या कडा आणि खालच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा आणि त्यांच्यावर साधी मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्यात धूळ बसते आणि लाकूड आणखी जड चालते. एवढ्यावर भागत नसेल तर खण बाहेर काढून ठेवा आणि डिसेंबरपर्यंत थांबा. थंडीच्या कोरड्या हवेतही जो भाग घासतो, तेवढाच रंधायचा.

जुन्या दाराची रचना याच पावसाचा विचार करून केलेली असते. चौकट उभ्या-आडव्या पट्ट्यांची, पट्टीचे कुसू, म्हणजे टोकाची अरुंद जीभ, दुसऱ्या पट्टीच्या खाचेत, आरपार लाकडी मेख. मधली रुंद फळी मात्र चौकटीच्या खोबणीत मोकळी असते, तिला सरसाचा थेंबही लावलेला नसतो. मे महिन्यात आमच्या दाराकडे नीट पाहिले तर फळीच्या कडेला सुतळीएवढी फिकट, पॉलिश न लागलेली पट्टी उघडी पडलेली दिसते. ऑगस्टमध्ये ती खोबणीत लपते. शंभर पावसाळे पाहूनही ती फळी तडकलेली नाही, कारण तिला हलायला जागा ठेवलेली आहे. नवीन पॉलिशवाले नेमकी हीच फट लांबी (पुट्टी) भरून बुजवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: फट भरायची नाही.

मेखेबद्दल मेस्तांनी दाखवलेले एक कसब सांगते. खाचेतले भोक आणि कुसवातले भोक बरोबर समोरासमोर नसतात. कुसवातले भोक खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून सुरू होते त्या, बाजूला जेमतेम एक-दीड मिलिमीटर सरकवलेले असते. मेख ठोकली की ती वाकत वाकत शिरते आणि कुसू आत ओढून घेते. सांधा ठोकताना आपोआप आवळतो आणि आवळलेलाच राहतो. एक-दीड मिलिमीटर. जास्त झाले तर मेख मोडते, कमी झाले तर सांधा ढिला. सामत्याची (दोरीने फिरवायच्या गिरमिटाची) दोरी ओढत हाताने भोके पाडणारी माणसे हे रोज करत होती.

सांधा सुटला तर

जुना सांधा बहुधा सरसाने जोडलेला असतो, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या डिंकाने. त्याचा मोठा गुण असा की गरम पाण्याने तो पुन्हा मऊ होतो. फडके गरम पाण्यात पिळून सांध्यावर ठेवा, पाच-दहा मिनिटे, पुन्हा पिळा, पुन्हा ठेवा. शेजारच्या पॉलिशला पाणी लागू देऊ नका. सांधा हलू लागला की लाकडी हातोड्याने, मध्ये लाकडाचा तुकडा धरून, हलके मारा. जुना सरस गरम पाण्याने आणि बोथट सुरीने खरवडून काढा. लाकूड खरवडू नका. खरवडले की बसवणी गेली.

जोडताना शक्यतो सरसच वापरा. बाजारातला पांढरा डिंक मजबूत असतो, पण वाळल्यावर तो पुन्हा सहज सुटत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीला लाकूडच फाटते. महागडे शिकंजे नसतील तर सुतळीची दोन वेढ्यांची फास कपाटाभोवती टाका, मध्ये काठी घाला आणि पिळा. कोपऱ्यांना सुतळीचे वळ उठू नयेत म्हणून खाली जाड पुठ्ठा. एक रात्र ठेवा. पावसाळ्यात दोन.

बिजागरीचा स्क्रू ढिला झाला असेल तर मोठा स्क्रू घालू नका. भोक थोडे मोठे करून त्यात त्याच जातीच्या लाकडाची खुंटी सरसात बुडवून ठोका, वाळू द्या, कड सपाट करा आणि नव्याने बारीक भोक पाडा. खऱ्या लाकडात ही दुरुस्ती कितीही वेळा करता येते.

कीड, वाळवी आणि पॉलिश

खणाखाली बारीक पीठ पडलेले दिसले तर काळा कागद अंथरून आठवडाभर थांबा. नवे पीठ पडले तर कीड जिवंत आहे, नाही पडले तर ती भोके बहुधा जुनी आहेत. टाचणीएवढी भोके बहुधा सालीलगतच्या पांढरट लाकडात असतात. झाडाच्या गाभ्याच्या लाकडात ती क्वचित. आमच्या कपाटाच्या शिसवी भागात एकही नाही, कारण मेस्ताने पांढरा भाग आधीच कापून टाकला होता. चौकटीच्या आतल्या कडा तपासल्या, कुठेच पांढरी रेघ सापडली नाही.

वाळवी वेगळी. ती जमिनीतून मातीची नळी करत येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा आणि वर्षातून दोनदा पाठीमागे टॉर्च मारा. आमच्याकडे वारुळाला सातेरी देवी म्हणून पुजतात, पण कपाटाच्या पायापाशी नळी दिसली की ती त्याच दिवशी मोडायची. पाय आणि पाठीला पूर्वी काजूच्या टरफलाचे तेल लावत, होड्यांनाही तेच. परिणामकारक आहे, पण कातडीला लागले तर भाजल्यासारखे सोलते. लावायचे असेल तर रबरी हातमोजे घालून, आणि फक्त जिथे कोणाचा हात लागणार नाही तिथे.

पॉलिशची परीक्षा सोपी. दाराच्या आतल्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा. थर चिकट झाला तर ते लाखेचे, म्हणजे चपड्याचे पॉलिश. अशा वस्तूवर मशीनचा सँडर फिरवू देऊ नका. पाण्याचे पांढरे डाग पडले असतील तर कापूस मलमलीत गुंडाळून पुरचुंडी करा, स्पिरिट जेमतेम लावा आणि न थांबता हलक्या हाताने फिरवा. थांबलात की तिथला थर उचलला जातो. बाकी ठिकाणी मऊ फडक्याने धूळ पुसून वर्षातून एकदा मधमाशीचे मेण पुरे. आमच्या मधल्या खणाच्या कडीभोवती एक काळपट गोल आहे, तीन पिढ्यांच्या बायकांच्या बोटांचा. पॉलिशवाल्याने तो काढून देतो म्हटले. मी नको म्हटले.

नवे घ्यायचेच असेल तर

२०१६ मध्ये मुलीच्या खोलीसाठी आम्ही तयार वॉर्डरोब घेतला. दिसायला देखणा, आरसा, हळू बंद होणारी दारे. तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीतून ओल आली आणि खालची कड पावासारखी फुगली. मला वाटले, उन्हाळ्यात बसेल. बसली नाही. तो बोर्ड लाकडाच्या चुऱ्यात डिंक घालून, उष्णतेने दाबून केलेला असतो. पाणी मिळाले की दाबलेले कण सुटतात आणि वाळल्यावर परत दबत नाहीत. त्याच वर्षी बिजागरीचे स्क्रू निखळले. दुरुस्तीला आलेला मुलगा भला होता, त्याने भोक दाखवले: आत नुसता भुसा, स्क्रूला धरायला रेषाच नाही. तीन वर्षांत ती वस्तू संपली. शेजारच्या खोलीत सासूबाईंचे कपाट त्याच ओलीत उभे होते.

तरी सगळ्यांना शिसवाचे कपाट मिळणार नाही, आणि चांगला प्लायवूड ही वाईट वस्तू मुळीच नाही. त्यात पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असल्याने तो फुगत-आटत कमी. फक्त विकत घेताना हे पाहा: प्लायवूडवर आयएस ७१० हा शिक्का असेल तर तो पाण्याला टिकणारा मरीन दर्जा, आयएस ३०३ सर्वसाधारण कामाचा. पाठीची फळी बोटाने दाबून पाहा, पापडासारखी आत जात असेल तर ते कपाट वर्षभरात तिरके होईल. तळ जमिनीला टेकलेला नको, खाली पाय हवेत. आणि खण बाहेर काढा. दुकानातही काढा. विक्रेत्याला आवडणार नाही, पण काढा.

डोळा तयार करायला गोव्यात जागा आहेत. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात जुनी अवजारे आणि गाड्या पाहायला मिळतात. तिथे कोरीवकाम सोडून सांधे पाहा. बांदिवड्याच्या महालक्ष्मीच्या सभामंडपात विष्णूच्या लाकडी मूर्तींची ओळ आहे, मान वर करून पाहावी लागते. जुन्या गोव्यात १६०५ साली पवित्र झालेल्या बॉम जेझुसमध्ये सोनेरी वेदीपुढे सगळे थांबतात, तुम्ही कोरीव लाकडी व्यासपीठाजवळही थांबा. कुंकळ्ळीचे चित्तारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवतात. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते. त्यांचा एखादा पाट किंवा पाळण्यावरचे खेळणे हातात घेऊन पाहा, मग कारखान्यातला फवारलेला रंग चटकन ओळखू येतो.

मेस्त शोधताना एकच गोष्ट पाहते. तो वस्तू पाहायला आला की आधी काय करतो? लगेच भाव सांगतो, की वाकून खाली बघतो? वाकणाऱ्याला काम द्या, आणि त्याला घाई करू नका. आमच्या मेस्तांनी खणाचा तो एक तळ बदलायला चार दिवस घेतले. मी एकदा विचारले, "मेस्ता, एवढी एक फळी, चार दिवस?" ते म्हणाले, फळी तीन दिवस घरात राहू दे, तिला या खोलीची हवा कळू दे, मग कापतो. काम झाल्यावर त्यांनी पटाशी घेतली आणि नव्या फळीच्या मागच्या कडेला, खणाच्या जुन्या दोन रेघांशेजारी, दोन रेघा मारल्या.

आता तुमचा खण परत आत घाला. दोन्ही हातांनी, सरळ, सावकाश. शेवटची चार बोटे राहिली की शेजारच्या खणाकडे लक्ष ठेवा. बसवणी अजून शाबूत असेल तर आतली कोंडलेली हवा त्याला ढकलते, आणि तो आपणहून किंचित पुढे येतो.